चौथ्या नावाबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून

ऑक्टोबर आला की हा प्रश्न ठरलेला. नोबेलची घोषणा होते, कुणीतरी मला त्यावर बोलायला बोलावतं, मी बोलते आणि शेवटी मागच्या रांगेतून हात वर होतो: "मॅडम, ज्यांना मिळालं त्यांचं कौतुक करायचं सोडून, ज्यांना मिळालं नाही त्यांचीच नावं तुम्ही का घेता?" काही जण खरोखरच्या कुतूहलाने विचारतात. काहींना वाटतं, मलाच काही मिळालं नाही म्हणून मी जळते. एका गृहस्थांनी तर, आपल्या लोकांना मिळत नाही याची ही पोटदुखी आहे, असं तोंडावर सुनावलं. आजवर थोडक्यात उत्तर देऊन मी वेळ मारून नेली. त्या उत्तराने कुणाचंच समाधान झालेलं नाही, माझंही नाही.

आधी पोटदुखीचं. सत्येंद्रनाथ बोस आणि ई. सी. जी. सुदर्शन या आपल्या भौतिकशास्त्रज्ञांना नोबेल मिळायला हवं होतं असं मी म्हणते तेव्हा टाळ्या पडतात, प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो कृष्णन यांचं नाव घेतल्यावर. १९२८ साली 'नेचर'मध्ये नव्या प्रकारच्या विकिरणाची बातमी देणारं जे टिपण आलं, त्यावर रामन आणि के. एस. कृष्णन अशी दोन नावं आहेत. १९३०चं पारितोषिक एकट्या रामन यांना मिळालं. एवढंच मी सांगते. रामन यांचा हक्क त्याने तसूभरही कमी होत नाही, हेही सांगते. तरी चुळबुळ सुरू होते. परक्यांनी आपल्याला डावललं हे ऐकायला आवडतं. आपल्यातला कुणी मागे राहिला असेल, हे ऐकायला नको असतं.

माझं म्हणणं माणसांविरुद्ध कधीच नव्हतं. ते नियमाविरुद्ध होतं, निदान मी तसं समजत होते. नोबेल यांनी २७ नोव्हेंबर १८९५ला केलेल्या मृत्युपत्रात तिघांची मर्यादा नाही. ती नियमावलीतली आहे: एक पारितोषिक जास्तीत जास्त तिघांत वाटायचं. मरणोत्तर द्यायचं नाही, हेही १९७४पासून नियमात पक्कं बसलं. हे दोन नियम एकत्र आले की काय होतं, ते गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशकाळात उठणाऱ्या तरंगांच्या, शोधाच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलं. १४ सप्टेंबर २०१५ला लहर सापडली, ११ फेब्रुवारी २०१६ला जगाला सांगितली गेली. नोबेलच्या नामांकनांची मुदत ३१ जानेवारीला संपते. त्या वर्षी पारितोषिक दुसऱ्याच कामाला गेलं. २०१६मध्ये इतर मोठ्या पारितोषिकांनी वाइस, थॉर्न आणि ड्रेव्हर ही तीन नावं घेतली. ७ मार्च २०१७ला रोनाल्ड ड्रेव्हर वारले. ऑक्टोबरात नोबेल जाहीर झालं ते वाइस, थॉर्न आणि बॅरिश यांना. लहर पकडण्याच्या विखुरलेल्या कामाला शिस्त लावून यंत्र उभं करणाऱ्या बॅरिश यांचा वाटा मोठा होता, यात शंका नाही. पण ड्रेव्हर आणखी सात महिने जगते तर काय झालं असतं? कुणाचं तरी नाव गळलं असतं, आणि आज मी त्यांचं नाव घेत बसले असते. मूळ शोधनिबंधाला लेखक एक हजाराहून जास्त आहेत.

हे सगळं मी व्याख्यानात सांगते. पुढचं सांगत नाही.

पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात मी ज्या प्रयोगशाळेत होते, तिथल्या कामाचं एका आंतरराष्ट्रीय पारितोषिकासाठी नामांकन पाठवायचं ठरलं. नोबेल नव्हे, पण नियम तोच: तीन नावं. मसुदा करायचं माझ्याकडे आलं, कारण सगळ्या वह्या मी वाचलेल्या होत्या. काम असं होतं की एका नव्या पदार्थाचा रेझिस्टन्स अतिशय कमी तापमानाला मोजायचा. द्रव हेलियमने थंड करत नेलं की साडेतीन केल्विनच्या (म्हणजे उणे २७० अंश सेल्सिअसच्या) जवळपास ग्राफमध्ये एक बारीकशी पायरी दिसायची. ती सगळ्यांनी निकालात काढली होती, आणि कारण सबळ होतं. सॅम्पलला तारा जोडायला आम्ही इंडियम वापरत होतो, आणि इंडियम हा धातू स्वतःच ३.४ केल्विनला अतिवाहक होतो, म्हणजे त्याचा रेझिस्टन्स शून्य होतो. तेव्हा दिसतंय ते इंडियमचं, पदार्थाचं नाही, असं धरून सगळे पुढे गेले.

काका गेले नाहीत. काका म्हणजे आमचे टेक्निकल असिस्टंट. शिक्षण डिप्लोमापर्यंत, पण क्रायोस्टॅटवर, म्हणजे सॅम्पल इतकं थंड ठेवणाऱ्या उपकरणावर, त्यांच्याइतका हात कुणाचाच बसलेला नव्हता. त्यांनी इंडियम खरवडून काढलं, सोन्याच्या केसासारख्या तारा चांदीच्या पेस्टने नव्याने चिकटवल्या, पेस्ट पूर्ण वाळू दिली आणि सॅम्पल परत खाली सोडलं. पायरी जिथल्या तिथे होती. वहीत त्यांच्या तिरप्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं आहे: 'इंडियम काढले. चांदी पेस्ट. पायरी आहे. इंडियमची नाही.' नंतर जे जे झालं, नवे नमुने, सिद्धान्त, शोधनिबंध, ते सगळं या नोंदीवर उभं आहे. हे त्यांना कुणी करायला सांगितलेलं नव्हतं.

मसुद्यात मी चार नावं घातली: सर, सिद्धान्त मांडणारे प्राध्यापक, पदार्थ तयार करणारे रसायनशास्त्रज्ञ आणि काका. सर म्हणाले, "अगं, अर्जात तीनच रकाने आहेत." मी म्हटलं, "मग कुणाचं नाव गाळायचं ते चौघांना बसवून ठरवू या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. मी काय विचारतेय तेच त्यांना कळलं नव्हतं. चौथं कोण, हे त्यांच्या लेखी ठरवण्याची बाबच नव्हती. मी वाद घातला. त्यांनी छापलेला शोधनिबंध पुढे केला: काका लेखकांत नव्हते, शेवटी आभारांत होते. मी वही पुढे केली. वही काही प्रसिद्ध झालेली नाही, असं उत्तर आलं. बराच वेळ हे चाललं. अखेर ते म्हणाले, "नियम मी केलेला नाही." ते खरंच होतं. आणि सर दुष्ट नव्हते. याच काकांच्या बढतीसाठी ते वरच्यांशी कडाकडा भांडले होते, ते मी स्वतः ऐकलं होतं. म्हणूनच मला आजही तो प्रसंग कुठे ठेवावा ते कळत नाही.

तांत्रिक तपशील तपासायला मसुदा काकांकडेच जायचा होता. तो मी नेला. त्यांनी नावांचं पान उलटलं, तिथे रेंगाळले नाहीत. थांबले ते प्रयोगाच्या परिच्छेदाशी. सरांनी काटछाट करून तिथे लिहिलं होतं की कॉन्टॅक्टमध्ये सुधारणा केल्यावर परिणाम स्पष्ट झाला. काकांनी पेन्सिल काढली. "हे चूक आहे. सुधारणा नाही केली. इंडियमवर संशय होता म्हणून ते काढलं. हे लिहिलं नाही तर वाचणारा पहिलं तेच विचारेल, आणि तुमचं सगळं ढासळेल." मग समासात, एकेक अक्षर सुटं काढत, त्यांनी बरोबर वाक्य लिहून दिलं. मी विचारलं, "काका, आणि नावाचं?" ते म्हणाले, "आधी हे नीट कर गं."

त्यांचं वाक्य जसंच्या तसं गेलं. इंडियम कुणी काढलं, ते त्यात नव्हतं.

ते पारितोषिक आमच्या प्रयोगशाळेला मिळालं नाही. "मग बिघडलं काय?" असं तेव्हा मला बरोबरीच्यांनी विचारलं, आणि बरीच वर्षं मीही तशीच मनाची समजूत घातली. बिघडलं ते असं: नामांकनाचा मजकूर तयार होता, नेटका होता, म्हणून पुढे जिथे गरज पडली तिथे तोच उचलला गेला. संस्थेच्या अहवालात तोच, सरांच्या निवृत्तीच्या स्मरणिकेत तोच, व्याख्यानाआधी करून देतात त्या परिचयात तोच. तीन नावं, त्याच क्रमाने. आज तिथे नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला विचारलंत तर हे काम तिघांनी केलं असं तो सांगेल, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. पारितोषिक आलंच नाही, अर्जाने मात्र इतिहास लिहून ठेवला. नोबेलविषयी बोलताना सगळे स्टॉकहोमकडे बघतात. मी अशा खोल्यांकडे बघते जिथे पारितोषिक कधीच पोचत नाही, फक्त त्याचा अर्ज पोचतो.

मग निदान इथे तरी त्यांचं नाव घ्या, असं तुम्ही म्हणाल. मी त्यांना विचारलं होतं. "नको, सरांना वाईट वाटेल," म्हणाले. मी शब्द दिला आहे.

तर इतकी वर्षं मी नियमाला दोष देत आले. आता स्वतःशीच भांडायची वेळ आली आहे, कारण माझी स्वतःचीच उदाहरणं माझ्या विरोधात जातात. अणुविखंडनाचं रसायनशास्त्रातलं १९४४चं नोबेल एकट्या ओटो हान यांना मिळालं. विखंडन म्हणजे नेमकं काय घडतंय, याचा भौतिकशास्त्रीय उलगडा लिझा माइट्नर आणि ओटो फ्रिश या भौतिकशास्त्रज्ञांनी केला होता. दोन जागा रिकाम्या होत्या. १९५७ला भौतिकशास्त्राचं नोबेल सिद्धान्त मांडणाऱ्या ली आणि यांग यांना. तो प्रयोग करून दाखवणाऱ्या चिएन-शिउंग वू नाहीत. तिथे प्रयोगाचा निकाल नामांकनाच्या मुदतीनंतर छापून आला, असा तारखांचा बचाव करता येईल, पण जागा रिकामी होतीच. १९७४ला ह्युइश आणि राइल. पल्सारचा, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्याचा, माग पहिल्यांदा ज्यांच्या नजरेला पडला त्या ह्युइश यांच्या विद्यार्थिनी जोसेलिन बेल नाहीत. तिथेही एक जागा रिकामी. म्हणजे तिघांच्या नियमाने यांपैकी कुणालाच अडवलेलं नव्हतं. आमच्या अर्जात चार रकाने असते तरी सरांनी चौथा कुणा प्राध्यापकासाठी वापरला असता, हे मला आता कबूल करावं लागतं.

यावर कुणी म्हणेल, मग नियम बदलून उपयोग काय? तेही मला मान्य नाही. इंटरनॅशनल बुकर हे साहित्याचं पारितोषिक २०१६पासून एकेका अनुवादित पुस्तकाला देतात, आणि ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादकात निम्मे-निम्मे वाटतात. २०२२ला गीतांजली श्री यांच्याबरोबर डेझी रॉकवेल, २०२५ला बानू मुश्ताक यांच्याबरोबर दीपा भास्ती. या अनुवादकांची नावं आपल्याला माहीत झाली ती नियमामुळेच, आपली नजर आपोआप मोठी झाली म्हणून नव्हे. अनुवाद हा एकट्याचा असतो आणि हजार जणांच्या प्रयोगाला ते लागू करता येत नाही, हे मला दिसतं. शांततेचं नोबेल संस्थांना मिळतं, विज्ञानातलं आजवर मिळालेलं नाही. तसं सुरू केलं तरी काका 'संस्था' या नावाखाली आणखी खोल जातील, अशी भीती वाटते.

विजेते पुष्कळदा नियमापेक्षा मोठ्या मनाचे असतात, हेही सांगायला हवं. चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाचं जनुक डग्लस प्रॅशर यांनी वेगळं केलं आणि इतरांना देऊन टाकलं. त्याच प्रथिनासाठी २००८चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चॅल्फी आणि चेन या तिघांना जाहीर झालं, तेव्हा प्रॅशर संशोधनाबाहेर फेकले जाऊन गाड्यांच्या एका शोरूमची व्हॅन चालवत होते. चॅल्फी आणि चेन यांनी त्यांना स्वतःच्या खर्चाने स्टॉकहोमला नेलं. मी विजेत्यांचं कौतुक करत नाही म्हणता, हे कौतुक मी दरवेळी करते.

राहिल्या जोसेलिन बेल बर्नेल. त्यांचं नाव घेतलं की हमखास कुणीतरी म्हणतं, "अहो, त्यांची स्वतःची तक्रार नाही, मग तुमची का?" हे मला सर्वांत जास्त लागतं, कारण ते खरं आहे. यशापयशाची जबाबदारी शेवटी मार्गदर्शकाची असते, आणि अगदी अपवाद सोडता विद्यार्थ्यांना नोबेल देणं त्या पारितोषिकाला शोभणार नाही, असं त्यांनी १९७७मध्ये सांगितलं होतं. स्वतःचं काम त्या अपवादात बसत नाही, असंही. २०१८ला त्यांना ३० लाख डॉलरचं विशेष ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं, तेव्हा ज्यांना भौतिकशास्त्रात सहसा जागा मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांनी ते सगळं देऊन टाकलं. त्यांचं १९७७चं भाषण मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. त्यातला सूर मला ओळखीचा वाटतो. "आधी हे नीट कर गं" म्हणणाऱ्या माणसाचा तोच सूर होता. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तो मनावर घेतला नाही, म्हणून तो झालाच नाही, असं मला मानता येत नाही. बेल बर्नेल यांच्याबद्दल मला अपार आदर आहे, आणि या एका बाबतीत त्या चुकताहेत असं माझं मत आहे.