सॅन फ्रान्सिस्कोला जाताय? मधला थांबा अमेरिकेत घेऊ नका

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे थेट हवाई अंतर साधारण 13,500 किलोमीटर. लेकीकडे जायला आम्हा दोघांना तिकिटं मिळाली न्यूयॉर्कमार्गे, मधे दोन तासांहूनही कमी वेळ. एवढा वेळ पुरतो असं मानून ही तिकिटं विकतात, याचा राग अजून गेलेला नाही.

मुंबईहून रात्री दीडला निघालो आणि सोळा तासांनी तिथल्या सकाळी आठला उतरलो. तोवर सगळं छान होतं.

मुंबईच्या काउंटरवर दोन्ही बोर्डिंग पास हातात दिले होते. बॅगांच्या टॅगवर ‘एसएफओ’, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को विमानतळ, छापलेलं. "काका, बॅगा आता थेट तिकडेच," असं तिथल्या मुलीने सांगितलं. तसं होत नाही! अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं. मग तिथेच बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टममधून न्यायच्या, पुन्हा एअरलाइनच्या ताब्यात द्यायच्या आणि परत सिक्युरिटीला उभं राहायचं. टॅगवर शेवटचं शहर असलं तरीही.

रांग दोऱ्यांमधून वळत वळत पार मागच्या भिंतीपर्यंत गेलेली. हिचे गुडघे दुखायला लागले. पुढच्या विमानाचं बोर्डिंग सुरू झाल्याचा मेसेज आला तेव्हा आमच्यापुढे आणखी दोन वळणं होती. तिथल्या माणसाला बोर्डिंग पास दाखवला, तर म्हणाला, इथे सगळ्यांनाच पुढची विमानं आहेत. खिडकीवर मात्र काही मिनिटांत काम झालं: बोटांचे ठसे, किती दिवस राहणार, कुणाकडे राहणार. लेकीचा पत्ता कागदावर लिहून नेला होता, तो लगेच दाखवता आला. तुम्हीही न्या, फोनची बॅटरी ऐनवेळी संपते.

पट्ट्यावर एक बॅग सापडली, दुसरी येईचना. शेवटी दिसली ती खांबाजवळ, कुणीतरी आधीच उतरवून ठेवलेली. तोवर विमान गेलं होतं.

दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर होते म्हणून नंतरच्या विमानात जादा पैसे न देता जागा मिळाली. वेगवेगळी तिकिटं काढली असती तर भुर्दंड आपल्यालाच. पण ती जागा संध्याकाळची होती. तोवर बाकड्यावर बसून राहिलो, आणि हिच्या गोळ्या हातातल्या पिशवीत होत्या म्हणून निभावलं.

आता अंतराचं बघा. न्यूयॉर्कपर्यंत 12,500 आणि पुढे 4,150, म्हणजे जवळजवळ 16,700 किलोमीटर. दुबईमार्गे 1,900 आणि 13,000, म्हणजे 15,000 च्या आसपास. अंतर कमी, आणि इमिग्रेशन होतं ते शेवटच्या विमानतळावर. तिथे कितीही वेळ लागला तरी चुकायला पुढचं विमानच नसतं. अबू धाबीहून गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं.

आणि तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. दीडला निघून आठला पोहोचणार हे वाचून साडेसहा तास समजू नका. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. सॅन फ्रान्सिस्को त्याच्याही तीन तास मागे. दोन्ही वेळा भारतीय वेळेत लिहून काढा, म्हणजे प्रवास खरा किती तासांचा ते कळेल. अमेरिकेतच थांबा घ्यावा लागला तर निदान चार तास मधे ठेवा, आणि सोबत वयस्कर माणूस असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा.