शालूची दशी

आज टेक्स्टाइलच्या प्रॅक्टिकलला ज्वलन चाचणी होती. चिमट्यात धागा धरून ज्योतीवर न्यायचा, वास घ्यायचा, राख बघायची. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. मी आईच्या लग्नातल्या शालूच्या पदराची एक दशी नेली होती. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटांत चुरली. अस्सल रेशीम!

लगेच आईला फोन लावला. थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "अण्णांनी कर्ज काढून घेतला होता गं."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. परभणीला गृहविज्ञानाला (आता सामुदायिक विज्ञान म्हणतात) प्रवेश घेतला तेव्हा 'स्वयंपाक शिकायला विद्यापीठ कशाला?' असं सगळ्यांनी विचारलं होतं. एक अण्णा सोडून.