देवीच्या बांगड्या खरंच फोडतात का?

पुण्याकडच्या कुठल्याही लग्नात मी बेळगावची म्हटलं, की कुणीतरी हळूच विचारतंच: "सौंदत्तीला देवीच्या बांगड्या फोडतात म्हणे, खरं का हो?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

खरं आहे. सौंदत्तीच्या डोंगरावरची ही देवी म्हणजे रेणुका, आमची यल्लम्मा. सहस्रार्जुनानं जमदग्नींना मारलं आणि रेणुका विधवा झाली, ती मार्गशीर्ष पौर्णिमा. आमच्याकडे सरळ रांडाव पुनव म्हणतात, उगाच सोवळी भाषा नाही. देवीचं मंगळसूत्र उतरतं, जोगतिणी, म्हणजे देवीला वाहिलेल्या बायका, आपल्या हातातल्या बांगड्या फोडतात. पुढे जमदग्नी परत जिवंत होतात, म्हणून माघात अहेव, म्हणजे सवाष्णीची, पुनव. तेव्हा देवीला पुन्हा चुडा चढतो आणि डोंगर भंडाऱ्यानं पिवळा होतो.

देऊळ 1514 साली रायबागच्या बोमप्पा नायकानं बांधलं असं सांगतात. देवी कन्नड की मराठी, हा वाद तिथं कुणी घालत नाही. एका झाडाखाली कन्नड पदं, दुसऱ्याखाली कोल्हापूरकडच्या जोगत्यांचं चौंडकं. बगलेत धरलेल्या त्या लाकडी पिंपाची तार ताणली की असा काही आवाज निघतो, की बोलणाऱ्याचं बोलणं थांबतं.

पायथ्याच्या जोगळभावी कुंडात आंघोळ करून वर जायचं. मग तीन दगडांची चूल मांडायची आणि परडी भरायची. भाकरी, कडबू, वांग्याची भाजी, कांद्याची पात, वर चिमूटभर भंडारा. जोगतीण परडी उचलून "उदं गं आई उदं" म्हणते, मग घरातले जेवतात. भूक लागलेल्या पोरांना तेवढाही धीर नसतो, आणि देवीची त्याला हरकत असेल असं मला वाटत नाही.

पण याच डोंगरावर मुली देवदासी म्हणून देवीला सोडल्या गेल्या. घरात आजार, केसांत जट, दुष्काळ, काहीही निमित्त पुरायचं. कर्नाटकानं 1982 साली त्याविरुद्ध कायदा केला. दोन महिन्यांनी चुडा परत मिळतो तो देवीला. या बायकांना कुणी काही परत केलं नाही. भक्तीच्या गप्पांत हे गाळणाऱ्यांचा मला राग येतो.

यायचं असेल तर पुनव टाळा, मंगळवार-शुक्रवारही टाळा. बुधवारी सकाळी या. बेळगावहून साधारण 80 किलोमीटर.