किती जिंकलीस आतापर्यंत?

पत्त्यांवर पोट भरते असं कळलं की लग्नात, बारशात, अगदी तर्री-पोह्याच्या ठेल्यावरही हाच प्रश्न येतो. उत्तर द्यायला मी जरा थांबले तर परवा मावशी म्हणाली, "काहून लपवून राहिली वं? आम्ही काय मागून राहिलो का?"

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

पोकरच्या टूर्नामेंटमध्ये कोण किती जिंकलं याच्या याद्या इंटरनेटवर असतात. माझ्या नावापुढेही बऱ्यापैकी मोठा आकडा आहे. तो गल्ला आहे. नागपूरच्या इतवारीत आमचं किराण्याचं दुकान. लहानपणी संध्याकाळी नोटांची थप्पी बघून मी हरखायची, तेव्हा बाबा म्हणायचे, "यातले ठोकवाल्याचे किती, हमालाचे किती, ते आधी काढ. मग नाच."

यादीत फक्त मिळालेलं बक्षीस चढतं, भरलेली फी नाही. समजा, प्रत्येकी चाळीस हजारांची फी भरून मी दहा टूर्नामेंट खेळले आणि एकीत नव्वद हजार मिळाले. यादी म्हणेल, जिंकली नव्वद हजार. वही म्हणेल, तीन लाख दहा हजार गेले.

आणि हे काही वाईट खेळल्यामुळे होत नाही. शंभर जण बसले तर साधारण दहा-पंधरा जणांनाच पैसे मिळतात. त्यातल्या तळाच्यांना फीच्या दीडपट-दुप्पट, खरा पैसा वरच्या तिघा-चौघांना. बाकीचे कितीही शहाणे असोत, हात हलवत घरी.

आमच्या पोकरमध्ये सुरुवातीला प्रत्येकाच्या हातात दोनच पत्ते येतात. त्यातली सगळ्यात भारी जोडी, म्हणजे दोन एक्के, सरासरी 221 डावांत एकदा येते. समोरच्याकडे दोन राजे असले आणि दोघांनी आपापले सगळे चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, पुढे ढकलले, तर एक्के शंभरातून 82 वेळा जिंकतात. ऐकायला झकास. पण अशी वेळ एका टूर्नामेंटमध्ये पाचदा आली, तर पाचही वेळा टिकण्याची शक्यता शंभरात 37 उरते. दरवेळी बरोबर खेळूनही! मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावरून रात्री दोनला पणजीच्या धक्क्याकडे परतणाऱ्या बोटीत मी हा हिशोब इतक्यांदा केलाय की आता बोटवाला ओळखीचा झालाय.

बक्षीस आलं की त्यावर सरसकट 30 टक्के कर, वर उपकर. हरलेल्या टूर्नामेंटची फी त्यातून वजा होत नाही. हे ऐकून बाबा खरंच चिडले. "माल भरायचा खर्चच धरत नाहीत? मग हे दुकान कसलं?" मोठ्या टूर्नामेंटची अर्धी फी दोन मित्र भरतात आणि बक्षिसातला अर्धा वाटा नेतात, हे मात्र त्यांना लगेच पटलं. भागीदारी त्यांना समजावून सांगावी लागत नाही.

पूर्वी घरी बसून ऑनलाइन खेळता यायचं. फी थोडी, टूर्नामेंट भरपूर, त्यामुळे नशिबाचे चढउतार काही महिन्यांत सपाट व्हायचे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला. राष्ट्रपतींची सही झाली 22 तारखेला, ऐन पोळ्याच्या दिवशी. म्हणजे विदर्भात ओट्याओट्यावर पत्ते निघतात त्याच दिवशी! दुसऱ्या दिवशी दुकानासमोर मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी, "ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत" चाललेलं, आणि माझ्या मोबाईलवर अ‍ॅपचा निरोप: खात्यातले पैसे काढून घ्या. कायद्यावर मी भांडणार नाही. त्या अ‍ॅपवर कर्ज काढून खेळणारी पोरं मी पाहिली आहेत. पण माझ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की आता वर्षातून तीन-चारदा गोवा. इतक्या थोड्या खेळात नशीब सपाट व्हायला किती वर्षं लागतील, ते मोजत बसत नाही.

मावशीला शेवटी वहीच दाखवली. चार वर्षांत फी, कर, मित्रांचा वाटा वजा जाता अकरा लाख. महिन्याला तेवीस हजारांच्या आतच. ती काही बोलली नाही, पोह्यांची ताटली तेवढी माझ्याकडे सरकवली.

बाबांनी चष्मा लावून वही पुन्हा पहिल्या पानापासून पाहिली.

"यात गोव्याचं जाण्यायेण्याचं भाडं कुठं आहे?"

ते मी धरलंच नव्हतं.