शुक्राचे ढग: बार्लो काढला आणि दिसले

दिसले! ११ जानेवारी २०२५ ला, शनिवारी, संध्याकाळी पावणेसहाला, सूर्य मावळायच्या आधी अतिनील प्रकाशात घेतलेल्या व्हिडिओत शुक्राचे ढग आले आहेत. आडव्या ‘वाय’चे दोन काळसर बाहू अर्ध्या चकतीवर पसरलेले, आणि ध्रुवाकडे उजळ टोपी. तीन वेगवेगळे व्हिडिओ वेगवेगळे स्टॅक केले (प्रत्येकातल्या चौकटी एकमेकींवर रचून एक चित्र केलं), तिन्हींत डाग त्याच जागी. म्हणजे ही वेव्हलेट्सची, चित्र धारदार करणाऱ्या प्रक्रियेची, करामत नाही.

हे ढग टिपायचं माझं गाडं नोव्हेंबरपासून अडलं होतं. आठ इंची एफ/६ न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण, नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या सहापट), १७८ मोनो हा कृष्णधवल कॅमेरा, बाडरचा फक्त अतिनील (यूव्ही) प्रकाश सोडणारा यू फिल्टर, आणि प्रतिमा दुप्पट मोठी करणारं भिंग, २एक्स बार्लो. एक्स्पोजर ३६ मिलिसेकंद, तेही गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) जवळजवळ टोकाला नेऊन, आणि हाती गुळगुळीत पांढरी चकती. आधी सीइंगला, म्हणजे हवेच्या थरथरीला, दोष दिला. मग तीन रात्री ताऱ्यावर बसून कॉलिमेशन केलं, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवले. शेवटी तर आरसा पुन्हा कोटिंगला द्यायचं ठरवत होतो.

त्या शनिवारी बार्लो काढला तो भलत्याच कारणाने. वाऱ्याने नळी हलत होती आणि शुक्र चौकटीत टिकत नव्हता. काढल्याबरोबर फायरकॅप्चर या चित्रण सॉफ्टवेअरमधला हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला जाऊन चिकटला, म्हणजे चित्र जास्तच उजळ झालं. एक्स्पोजर उतरवत उतरवत ३ मिलिसेकंदांवर आलो तेव्हा हात थांबला. एफ/१२ वरून एफ/६ म्हणजे उजेड चौपट. ३६ चे ९ व्हायला हवे होते. झाले ३. म्हणजे आरशाने गोळा करून दिलेल्या अतिनील प्रकाशापैकी दोन तृतीयांश बार्लोच गिळत होता!

साधी काच ३५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास अंधारायला लागते, फ्लिंट ही जड काच तर आणखी आधी, आणि वरचं कोटिंग दृश्य प्रकाशासाठी केलेलं. त्याहून मोठं नुकसान वेगळंच. ढगांतला जो शोषक पदार्थ अजून कुणाला पक्का ओळखता आलेला नाही, त्याचे डाग ३६५ च्या आसपास ठळक उठतात आणि ४०० ओलांडलं की विरत जातात. बार्लोतून पार होत होता तो बहुतेक जांभळ्या टोकाकडचा उजेड. ज्यात कॉन्ट्रास्ट होता नेमका तोच अडत होता.

हा बार्लो मला ‘यूव्हीला बिनधास्त चालेल’ असं सांगून विकला गेला होता. यापुढे काचेच्या कुठल्याही वस्तूचा पारगम्यतेचा आलेख मागा, आणि तो ३०० पासून सुरू होत नसेल तर यूव्हीसाठी घेऊ नका. यू फिल्टर महाग आहे, पण प्रत्येक रुपया वसूल. ४७ नंबरचा जांभळा फिल्टर आणि अवरक्त अडवणारा आयआर-कट यांच्या स्वस्त पर्यायी जोडीवर मी वर्ष घालवलं, तुम्ही घालवू नका.

आता नवी अडचण. बार्लोशिवाय शुक्र जेमतेम ६० पिक्सेलचा पडतो. दर पिक्सेलला ०.४ आर्कसेकंद (आकाशातल्या कोनाचं माप), आणि आठ इंचाला यूव्हीत जे पेलतं त्यासाठी ०.२ च्या आत हवं. ड्रिझलने, म्हणजे स्टॅक करताना चित्र बारीक जाळीवर मांडून, थोडं निभावलं. दहा इंची आरशासाठी पैसे साठवत होतो, पण हे लिहितानाच सुचलं: बार्लोच्या जागी फ्यूज्ड सिलिकाचं (शुद्ध क्वार्ट्झ काचेचं) एकच अंतर्वक्र भिंग लावलं तर? फिल्टरचा पट्टा इतका अरुंद आहे की एकेरी भिंगाचा वर्णदोष (वेगवेगळे रंग वेगवेगळ्या जागी फोकस होणं) फारसा जाणवू नये. सिलिका यूव्हीला जवळपास पूर्ण पारदर्शक. प्रयोगशाळांना भिंगं पुरवणाऱ्यांकडे अशी सुटी मिळतात. दहा इंची थांबेल, आधी हे.

किंक्रांतीला, १५ तारखेला, पुन्हा बसलो. तापलेली गच्ची निवावी म्हणून दुपारपासून तीनदा पाणी मारलं होतं, त्यामुळे सीइंग शनिवारपेक्षा बरं. आणि पुन्हा तसाच गडद बाहू, किंचित सरकलेला! ग्रह स्वतः एका फेरीला २४३ दिवस घेतो आणि त्याच्या ढगांचे माथे सेकंदाला सुमारे १०० मीटर वेगाने चार दिवसांत त्याला वळसा घालतात. शार्ल बॉयर या फ्रेंच हौशी निरीक्षकाने १९५७ मध्ये ब्राझाव्हिलहून, साधारण माझ्याएवढ्याच दुर्बिणीने, अतिनील फोटोंत हीच चार दिवसांची पुनरावृत्ती पकडली होती. १९७४ मध्ये मरिनर १० ने जवळून फोटो घेतले तेव्हा त्याचं म्हणणं खरं ठरलं. स्वतःच्या दोन चित्रांवर ते बघताना अंगावर काटा आला. दोन चित्रांवरून कालावधी काढता येत नाही, हे कळतं. विनजूपॉस या सॉफ्टवेअरमध्ये ग्रहाचा नकाशा जुळवायला निदान सहा-सात दिवसांची मालिका हवी.

काढलेला बार्लो विकणार नाही. २३ मार्चला अंतर्युती आहे, म्हणजे शुक्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधे येतो. त्याआधीच्या बारीक कोरीत १००० नॅनोमीटरचा (अवरक्त) फिल्टर लावून रात्रीच्या बाजूची उष्ण जमीन धरायची आहे, आणि तिथे ही काच आडवी येत नाही. शुक्रावरचा अफ्रोडाइट हा उंच, तुलनेने थंड प्रदेश गडद डागासारखा दिसला तर वर्षाचं चीज झालं.

सिलिकाचं भिंग कुणी लावलं असेल तर नाभीय अंतर किती घेतलं ते सांगा. उद्या १९ तारखेला पुन्हा चार दिवस भरतात. दोन वाजताच पहिलं पाणी मारतो.