चारशे शब्द

डोंबिवली लोकलला मला चौथी सीट मिळते. म्हणजे अर्धी मांडी बाकावर, अर्धी हवेत. त्या अवस्थेत मी गेली चार वर्षं अंगठ्याने मोबाइलवर एक अद्भुतरम्य कादंबरी लिहितोय. शेजारचे काका बिनदिक्कत डोकावतात. "अहो, राक्षस कधी येणार?" फास्ट लोकल हल्ली पारसिकच्या बोगद्यातून जात नाही, नाहीतर तिथेच आणला असता.

ह्या उद्योगाला टेरी प्रॅचेट कारणीभूत. डिस्कवर्ल्ड मालिकेच्या 41 कादंबऱ्या लिहिणारा हा माणूस आधी वार्ताहर होता आणि नंतर इंग्लंडच्या वीज मंडळात प्रसिद्धी अधिकारी. अणुवीज केंद्रांत काही घोटाळा झाला की 'काळजीचं कारण नाही' हे पत्रकारांना सांगायचं काम त्याचं. दिवसभर असं लिहिल्यावर माणूस संध्याकाळी जादूगारांकडे वळणारच! मालिकेची पहिली कादंबरी 1983 साली आली, नोकरी सोडली 1987 साली. तोवर रोज घरी येऊन चारशे शब्द. चारशेच. मी हिशेब केला, डोंबिवली ते दादर सहज होतील. झाले नाहीत. घाटकोपरला उतरणाऱ्यांचे पाय आवरण्यातच शंभरेक शब्द जातात.

त्याचं जग मात्र मला कधी परकं वाटलं नाही. अवकाशात पोहणारं एक प्रचंड कासव, त्याच्या पाठीवर चार हत्ती आणि हत्तींवर थाळीसारखी सपाट पृथ्वी. आमच्या गल्लीतल्या शंकराच्या देवळात नंदीपुढे दगडी कासव आहे. हात लावून लावून त्याची पाठ तुळतुळीत झालीय आणि तिच्या खळग्यात कायम चार अक्षता अडकलेल्या असतात. आजी म्हणायची, त्याला ओलांडू नकोस, वरचं सगळं हलेल. वरचं म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही. मला ते प्रॅचेट वाचताना दिसलं.

त्याच्या कादंबऱ्यांतलं मृत्यू नावाचं पात्रही असंच ओळखीचं. यमाला रेडा, ह्याला पांढरा घोडा. शिवाय मांजरांवर जीव. तो फक्त मोठ्या लिपीत बोलतो. मराठीत आणायचं तर पंचाईत, कारण देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत. आपल्याकडे यम आणि शिपाई एकाच आकारात बोलणार.

2007 साली प्रॅचेटला अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार असल्याचं निदान झालं. टंकणं अवघड झालं तेव्हा तोंडी सांगून त्याने लिहिलं. 2015 मध्ये तो गेला. अपुरं लेखन कुणी छापू नये म्हणून त्याच्याच इच्छेप्रमाणे 2017 साली त्याच्या हार्ड डिस्कवरून वाफेचा रोड रोलर फिरवला. एकदा नव्हे, अनेकदा. तरी ती पुरती चिरडेना. शेवटी खडी फोडायच्या यंत्रात घातली.

मला रोलर लागला नाही. गेल्या जुलैत दादरच्या पुलावर मोबाइल भिजला आणि तीन हजार शब्द गेले. काकांना सांगितलं तर म्हणाले, "राक्षस आला होता का त्यात?"

नुकताच आला होता.