उन्हानं चढणारा रंग

मागच्या रविवारी अप्पांना मोबाइलवर एक फोटो दाखवला. माझा एक जुना विद्यार्थी अंदमानात डायव्हिंगच्या कामावर आहे, त्यानं पाठवलेला. फांद्याफांद्यांचं प्रवाळ, वरच्या अंगाला गडद जांभळट गुलाबी आणि खालच्या अंगाला फिकट तपकिरी. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि त्या फिकट भागावर बोट ठेवून म्हणाले, "ही बाजू उन्हात राहिली."

"नाही अप्पा, ती सावलीतली. उन्हातली वरची."

त्यांनी फोन परत दिला नाही. बघतच राहिले.

चाळीस वर्षं सूत रंगवलेल्या माणसाला हे पटणं सोपं नाही. आमचं घर सोलापुरात साखर पेठेत, घरात तेलुगू, शाळेत मराठी. अप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका डाईंगमध्ये कामाला. सोलापुरी चादरीवर मोर किंवा फुलं उमटतात ती मागावर, पण त्याआधी सुताला रंग चढावा लागतो, आणि ते काम अप्पांसारख्यांचं. ऊन रंग खातं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. त्यांच्या शेडबुकात प्रत्येक रंगाच्या कृतीशेजारी धाग्याचा छोटा तुकडा चिकटवलेला असे आणि ते पुस्तक कायम पत्र्याच्या पेटीत, अंधारात.

मी सातवीत असतानाचा एक लॉट मला अजून दिसतो. गडद जांभळा. एका व्यापाऱ्यानं पक्का म्हणून दिलेला रंग कच्चा निघाला, आणि त्यात अप्पा तापानं पडलेले, त्यामुळे लड्या दोन दिवस जास्त बांबूवर राहिल्या. एप्रिलचं ऊन. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेले. त्यांनी एक लडी उचलली आणि मला दाखवली. बाहेरून ती धुरकट, राखेसारखी झाली होती. पण जिथं ती बांबूला टेकली होती, तिथं आतल्या बाजूला बोटभर रुंदीचा पट्टा तसाच, ओला असावा इतका गडद. अख्खा लॉट परत आला. अप्पा घरी काही बोलले नाहीत. तो पट्टा मात्र माझ्या डोक्यात बसला, आणि पुढं बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवताना प्रकाशाचा विषय निघाला की तोच आठवतो.

म्हणून हे प्रवाळांचं प्रकरण मला इतकं जवळचं वाटतं. तिथं सगळं बरोबर उलटं आहे.

प्रवाळ हा प्राणी. त्याच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं, ते उन्हावर साखर बनवतं आणि प्रवाळाची बरीचशी भूक त्यावर भागते. म्हणजे ऊन हवंच. पण उथळ, नितळ पाण्यात भर दुपारी ते इतकं येतं की शैवालाला पेलत नाही. जास्तीच्या प्रकाशातून पेशी जाळणारी ऑक्सिजनची रूपं तयार होतात, आणि त्याचा मार शैवालालाही बसतो, प्रवाळालाही. मुळं खडकाला चिकटलेली असावीत तसा हा प्राणी, उठून सावलीला जाऊ शकत नाही. मग तो आपल्या त्वचेत रंगीत प्रथिनं तयार करतो, शैवालाच्या वर पडदा धरल्यासारखी. ही प्रथिनं प्रकाश शोषतात, काही त्याचा रंग बदलून परत टाकतात, आणि खाली शैवालापर्यंत पोचणारं ऊन कमी होतं. हे रंग बनवणारी जनुकं जागी होतात ती मुख्यतः प्रकाशातल्या निळ्या भागामुळे. फांदीच्या वरच्या अंगावर ऊन, म्हणून तिथं रंग. खाली सावली, म्हणून तिथं फक्त शैवालाचा तपकिरीपणा दिसतो.

इथवर अप्पांना सांगून झालं. त्यांचा पुढचा प्रश्न थेट रंगाऱ्याचा: "मग शेजारशेजारची दोन झाडं सारखीच दिसत असतील?"

झाडं नव्हेत, हे परत सांगितलं. पण प्रश्न नेमका होता, कारण ती सारखी दिसत नाहीत. एकाच जातीची, एकाच उन्हात, हातभर अंतरावरची दोन प्रवाळं, एक लालभडक आणि एक फिकट. याचा उलगडा 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या योर्ग वीडनमन यांच्या गटानं ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर आढळणाऱ्या अ‍ॅक्रोपोरा मिलेपोरा या प्रवाळात लाल प्रथिनाचं जनुक तपासलं. ते एकच नव्हतं. त्याच जनुकाच्या अनेक प्रती होत्या, आणि कुठल्या प्रवाळात त्यातल्या किती प्रती कामाला लागतात यावर रंगाचा गडदपणा ठरत होता.

हे अप्पांना कसं सांगावं याचा मी विचार करत होते, तर शेडबुकच मदतीला आलं. समजा एका डाईंगमध्ये त्या शेडची कृती एकाच कागदावर लिहिलेली आहे. मग एकच माणूस एका टाकीवर काम करणार. दुसऱ्या डाईंगमध्ये त्याच कृतीच्या पाच प्रती आहेत, पाच माणसं पाच टाक्यांवर एकदम लागणार. ऑर्डर आली, म्हणजे ऊन वाढलं, की दुसरीकडून पाचपट माल निघतो. ऑर्डर नसली तर पाचही टाक्या बंद.

"पाच टाक्यांना कोळसाही पाचपट लागतो," अप्पा म्हणाले.

हीच तर त्या अभ्यासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. प्रथिनं फुकट बनत नाहीत. जिथं ऊन कमी तिथं कमी प्रतींचं प्रवाळ सुखात राहतं, खर्च वाचतो. जिथं ऊन रणरणतं तिथं जास्त प्रतींचं तगतं. म्हणून दोन्ही वाण टिकून आहेत. बारावीत आम्ही जनुक शिकवतो ते असल्या-नसल्याच्या भाषेत, उंच वाटाणा आणि बुटका वाटाणा. किती प्रती आणि त्यातल्या किती चालू, हा विचार पोरांपर्यंत पोचतच नाही, आणि मला ते मनापासून खटकतं.

रंग हा एकच उपाय नाही. 2011 मध्ये जपानमध्ये ओकिनावाच्या संशोधकांनी अ‍ॅक्रोपोरा डिजिटिफेरा या प्रवाळाचा सगळा जनुकसंच वाचला, सुमारे 42 कोटी अक्षरांचा. त्यात अतिनील किरण अडवणारी द्रव्यं स्वतः बनवण्याची जनुकं प्रवाळातच सापडली. तोवर हे काम शैवालाचं मानलं जायचं. शिवाय प्रवाळांकडे फोटोलायेज नावाचं एक विकर आहे, ते अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनए निळ्या प्रकाशाच्याच जोरावर दुरुस्त करतं. माणसाकडे ते नाही.

बोलणं चालू असताना आई स्वयंपाकघरातून आली आणि तिनं मंगळसूत्रातली दोन पोवळी पुढं केली, पगडालु. "ही उन्हानं लाल झाली का?" नाही. तिला सांगताना वाईट वाटलं. दागिन्यातलं लाल पोवळं भूमध्य समुद्रात अंधुक उजेडात वाढतं, त्याच्या अंगात शैवाल नसतं आणि त्याची लाली हाडातच मुरलेली असते, म्हणूनच ती प्राणी मेल्यावरही टिकते. उन्हाशी झगडणाऱ्या प्रवाळाचा रंग कातडीतला. प्राणी गेला की खाली उरतो पांढरा चुना.

आणि ते पांढरं होणंच सध्या घडतंय. आमच्याकडं ब्लीच म्हणजे रंग चढवण्याआधी सूत पांढरं करणं. समुद्रात ब्लीचिंग म्हणजे शैवाल प्रवाळाला सोडून जाणं. आम्ही इथं 42 अंशांत डोक्याला टॉवेल गुंडाळून बाजार करून येतो, पण प्रवाळाला नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी फक्त एक अंशानं चढलं आणि काही आठवडे तसंच राहिलं तरी ते सोसत नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये जगातल्या चौथ्या जागतिक ब्लीचिंगची घोषणा झाली. त्याच उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. त्या बातम्या वाचताना बाहेर आमचा रस्ताही तापलेला होता आणि मला घरात बसवेना.

पण काही प्रवाळं पांढरी होण्याऐवजी एकदम झगमगीत होतात, गुलाबी, पिवळी, निळी. 2020 मध्ये वीडनमन यांच्याच गटानं त्याचं कारण मांडलं. शैवाल गेलं की आत येणारा प्रकाश शोषायला कुणी उरत नाही, पांढऱ्या हाडावरून तो उलटसुलट परावर्तित होतो, आणि त्या वाढलेल्या निळ्या उजेडानं रंगाची जनुकं जोरात चालू होतात. पडदा परत धरला जातो, आत सावली होते, आणि शैवालाला परत यायला जागा तयार होते. शैवाल परतलं की ते प्रकाश खातं आणि रंग आपोआप उतरतो. हे घडतं ताप सौम्य किंवा थोड्या दिवसांचा असेल तर. पाणी फार तापलं तर रंग धरायला प्राणीच उरत नाही.

अप्पांनी हे सगळं ऐकलं. मग फोन घेऊन ते अंगणात गेले, कारण शेड ट्यूबलाइटखाली बघायची नसते. भर उन्हात स्क्रीनवर काही दिसेना, तेव्हा कडुनिंबाखाली येऊन त्यांनी फोनवर हाताची सावली धरली.

"हा रंग चढायला किती वेळ लागतो?"

"त्या झगमगणाऱ्यांना दोन-तीन आठवडे."

"आणि तेवढे दिवस पाणी थंड राहिलं पाहिजे."

"निदान आणखी तापायला नको."

त्यांनी मान हलवली आणि फोटो बोटांनी मोठा करत फांदीच्या त्या कडेवर नेला, जिथं जांभळा संपून तपकिरी सुरू होतो.